खांबच्या घरातले नऊ भाडेकरू

रोहा
२४ जून २०२५

चि. निमिष,

आशीर्वाद लिहायला हात धजावत नाही, तेव्हा तो सध्या राखून ठेवते. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू गोड बोलतोस आणि दोन मिनिटांत "आत्या, गिऱ्हाईक आलंय" म्हणून फोन ठेवतोस. उत्तरही मला कागदावरच हवं आहे.

या वर्षी माझा इन्कम टॅक्सचा रिटर्न मी स्वतः भरायला बसले. आजवर तूच भरत आलास, माझ्याकडून फी घेतली नाहीस, वर पोह्याचे पापड पाठवलेस. पण जन्मभर मुलांना गणित शिकवलेल्या बाईला आपल्या पेन्शनची बेरीज पेणच्या तुझ्या रिटर्न भरायच्या दुकानातून करून आणावी लागते, याची मला लाज वाटायला लागली होती. बँकेतल्या मुलीने सांगितलं, सरकारचं पोर्टल फुकट आहे, बरीचशी माहिती ते आधीच भरून ठेवतं. मग बसले. पोर्टलने मला तीनदा बाहेर काढलं. शेवटी आधारच्या ओटीपीवर आत शिरले.

आत एक पान असतं. आपल्याबद्दल इतरांनी सरकारला काय काय कळवलं आहे ते तिथे दिसतं. बँकेने व्याज कळवलं होतं, ते बरोबर होतं. पेन्शन बरोबर होती. आणि त्याखाली होतं मला मिळालेलं घरभाडं. नऊ भाडेकरू, नावानिशी. नऊही जण डोलवीच्या स्टील कारखान्यात एकाच ठेकेदाराकडे कामाला.

निमिष, माझं रोह्याचं घर तू पाहिलं आहेस. दोन खोल्या. पाहुणा आला तर मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. मग हे नऊ जण कुठे झोपतात? शिफ्टप्रमाणे पाळीपाळीने? त्यातलं एक नाव मी ओळखते. आपल्या खांब गावचा आदेश, विठू आणि हौसाचा मुलगा. त्याला मी झबल्यात पाहिलं आहे. तो माझ्या घरात राहत असता तर मला दिसला असता.

प्रत्येक नावासमोर सरकार मला विचारतंय, ही माहिती मान्य आहे का? मान्य म्हटलं, तर कधी न पाहिलेल्या भाड्यावर मी कर भरायचा आणि सरकारदरबारी खोटंही बोलायचं. मान्य नाही म्हटलं, तर सरकार त्या नऊ जणांच्या दारात जाणार, आणि त्यात हौसाचा मुलगा आहे. म्हणून मी अजून काहीच दाबलेलं नाही.

माझा पॅन आणि माझा पासवर्ड जगात दोनच माणसांना माहीत होता. त्यातली एक मी, आणि मी हे केलेलं नाही. पासवर्ड मी बदलला आहे. रिटर्नची मुदत या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढवली आहे, तोवर मला खरं काय ते कळायला हवं.

विमलआत्या


पेण
३ जुलै २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र पोस्टमनने दुकानात आणून दिलं तेव्हा बाबा पुढच्या खुर्चीत बसले होते. अक्षर ओळखून म्हणाले, विमलने कशाला पत्र पाठवलं? मी म्हटलं, पापड संपलेत. तेव्हा आता दोन किलो पापड पाठवतो, म्हणजे माझं बोलणं खोटं ठरायला नको.

तू उगाच घाबरली आहेस. हा सिस्टीमचा घोळ आहे. कंपन्यांमधली पोरं घाईघाईत माहिती भरतात, एकाचा पॅन दुसऱ्याला लागतो. माझ्याकडे महिन्याला अशा चार-पाच केसेस येतात. तू फक्त एक कर, त्या पानावर काहीही दाबू नकोस. एकदा "मान्य नाही" म्हटलं की ते बदलता येत नाही, आणि तुझंच खातं चौकशीत अडकतं. नवा पासवर्ड कळव, मी बसून सगळं नीट करतो. नाहीतर सरळ मान्य करून टाक. सगळ्यात सोपा मार्ग तोच. जो काही कर बसेल तो मी भरतो, तुझ्या पेन्शनला हातही लागणार नाही.

आणि तुझ्या त्या फुकटच्या पोर्टलबद्दल काय बोलू? तू रिकामी असतेस, तुला तीनदा बाहेर काढलं तरी चौथ्यांदा बसता येतं. माझी गिऱ्हाइकं बारा तास भट्टीजवळ उभी राहून येतात. त्यांना कुणीतरी माणूस लागतो. तो मी आहे.

इकडे गणपतीच्या कारखान्यांची धावपळ सुरू झाली आहे. जोह्याहून मूर्तींचे टेंपो निघाले की पेणच्या नाक्यावरून चालताही येत नाही, त्यामुळे एवढ्यात रोह्याला येणं जमणार नाही. माझा सुश्रुत तुझी, त्याच्या आत्याआजीची, आठवण काढतो.

तुझा
निमिष


रोहा
९ जुलै २०२५

निमिष,

पापड परत पाठवले आहेत. तू मला वेड्यात काढायला निघाला आहेस, पण नीट तयारी करून निघाला नाहीस. सिस्टीमचा घोळ असेल, तर त्यावरचा कर तू कशाला भरणार? आणि दिलेलं उत्तर नंतर बदलता येतं, असं त्याच पानावर लिहिलं आहे. तू रोज ते पान उघडतोस, म्हणजे तुला हे ठाऊक आहे. तरीही तू मला भीती घातलीस. माझ्या अंगाची लाही लाही झाली आहे.

हौसाला फोन करून मी आदेशला बोलावलं. रविवारी त्याची सुट्टी होती. तो आला, उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, आणि आत ये म्हटलं तर म्हणाला, आत्या, आधी सांगा, माझं काय चुकलं. ठेकेदाराच्या ऑफिसात दिलेल्या पावत्यांच्या झेरॉक्स त्याने पिशवीतून काढल्या. बारा महिन्यांच्या बारा भाडेपावत्या, रेव्हेन्यू स्टँप लावलेल्या. तो भाड्याने राहतो असं दाखवलं, म्हणून त्याच्या पगारातून कर कमी कापला गेला. जो कापला गेला तोही तू रिफंड म्हणून मागवलास, आणि आलेल्या रिफंडात तुझा वाटा घेतलास. पावतीवर घरमालकीण म्हणून माझं नाव आहे. खाली माझी सही आहे. आणि घराचा पत्ता आहे खांबचा. आपल्या घराचा.

आदेशचं घर आपल्या घराच्या समोर आहे. तो बापाच्या ओट्यावर झोपतो आणि समोरच्या घराचं भाडं भरतो, असं तू सरकारला सांगितलंस.

खांबचं घर माझं नाही. तुला माहीत नसेल तर बापाला विचार. तुझे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी हक्कसोडपत्र लिहून दिलं. घर, मागची वाडी, भाताची शेतं, सगळ्यातला माझा वाटा सोडला. रजिस्ट्रारच्या कचेरीत दादाने बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि बाहेर येऊन त्याने मला साडी घेतली. आपल्याकडे बहिणी असंच करतात, म्हणून मीही केलं. तेव्हापासून त्या घरात मी पाहुणी म्हणून जाते आणि निघताना हळदीकुंकू घेऊन येते. इतक्या वर्षांनी तू मला पुन्हा त्या घराची मालकीण केलंस. कशासाठी, तर खोटे भाडेकरू ठेवायला. आणि त्यासाठी माझी सही चोरलीस. दुसरा शब्द मला सुचत नाही आणि शोधायचाही नाही.

अजून संपलेलं नाही. आदेशच्या आधारवरून त्याचं खातं मी इथेच उघडलं. त्याच्या नावासमोर मोबाइल नंबर तुझा, ईमेल तुझा. त्यामुळे सरकार त्याला जे सांगतं ते तुझ्या खिशात वाजतं. मार्चमध्ये त्याला सूचना आलेली आहे. तुमची वजावट संशयास्पद वाटते, तपासून पाहा, चूक असेल तर आत्ताच सुधारा, असं त्यात लिहिलं आहे. मुलाने ते माझ्याकडे पहिल्यांदा वाचलं. त्याला कळायला हवं होतं तेव्हा तू गप्प बसलास.

मला खरं उत्तर हवं आहे.

विमल


पेण
१७ जुलै २०२५

आत्या,

हो. झालं समाधान? पावत्या मी बनवल्या. सहीही मीच केली. तुझ्या जुन्या रिटर्नवरची बघून. आता बाबांना यात ओढू नकोस, त्यांना बीपीचा त्रास आहे, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

पण मलाही थोडं बोलू दे. तू रोह्यात बसून पोर्टलची आरती करतेस. एकदा डोलवीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभी राहा आणि विचार, किती जणांना ते पान वाचता येतं. सरकार म्हणतं, सगळं फुकट आहे, स्वतः करा. मग जमलं नाही तर दंडही स्वतः भरा. त्यांच्या मदतीच्या नंबरवर अर्धा तास गाणं ऐकवतात. माझ्या दुकानात पंखा आहे, चहा मिळतो, मराठीत बोलतो असा माणूस आहे. लोक माझ्याकडे मूर्ख म्हणून येत नाहीत.

पहिली दोन वर्षं मी सगळे रिटर्न खरे भरले. गिऱ्हाईक रिफंड किती येणार विचारायचं, मी म्हणायचो, काहीच नाही. ते उठून शेजारच्या गाळ्यात जायचं, तिथे त्याला रिफंड मिळायचा. माझ्या गाळ्याचं भाडं बाबांच्या पेन्शनमधून जायचं. तिसऱ्या वर्षी मीही तेच सुरू केलं. घरमालकाचा पॅन लागतो, तुझा माझ्याकडे होता. तुला कधी कळणार नाही असं वाटलं. तू स्वतः पोर्टल उघडशील असं कुणाच्या डोक्यात येणार?

आदेशला विचार, पैसे खात्यात आले तेव्हा पेढे घेऊन कोण आलं होतं. तेव्हा त्याने हे कुठून आले असं विचारलं नाही. तो काही दूधखुळा नाही.

मार्चची सूचना मी पाहिली, हे खरं आहे. हजारो लोकांना तसल्या सूचना जातात, पुढे काही होत नाही, असं सगळेच एजंट म्हणत होते. मी त्यांचं ऐकलं.

आता नीट ऐक. तू "मान्य नाही" दाबलंस की माझ्या आधी ती नऊ पोरं पडतील. रिटर्न त्यांच्या नावाचा आहे, एजंटचं नाव त्यावर कुठेच नसतं. डिसेंबरात आदेशला कायम करणार आहेत. बोगस पावत्या दिलेल्या माणसाला कोण कायम करेल? हौसाच्या पोराला तू तुझ्या हाताने घरी बसवणार का? मान्य करून टाक. मी हात जोडतो.

निमिष


खांब
२२ जुलै २०२५

विमलआत्यास आदेशचा नमस्कार.

तुमी बोललांत का पावत्या कशा झाल्या ते आठवून लिवून दे, म्हून लिवतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमी चौघं पेणला गेलो व्हतो. निमिषदादा बोलले, भाड्याचं दाखवू, मग टॅक्स वाचल. पावत्या त्यांनी कॉम्प्युटरवर काढल्या. मग बोलले, आता मालकिणीची सही लागल. पुढच्या खुर्चीत दादासर बसलेले, तुमचे भाऊ. ते बोलले, आण हिकडं. आनि सही केली. आमच्या चौघांच्या केल्या, बाकीच्या पाच जणांच्या पण तिथंच पडलेल्या त्या पण केल्या. चहा पीत पीत.

आमाला त्यात वावगं वाटलंच नाय. भावानं बहिणीची सही केली, त्यात काय. आमच्यात पण आत्याची सही बाबाच करतात, सोसायटीत, तलाठ्याकडं, सगळीकडं. आनि दादासरांनी मला कोलाडच्या शाळेत शिकवलंय. ते सही करतात म्हणजे बरोबरच असंल, असं वाटलं.

पैशे आले तेव्हा बरं वाटलं, ह्ये खोटं नाय बोलणार. पेढे पण नेले. आई बोलली व्हती, फुकटचे पैशे सरकार देत नाय. मी तिला गप केलं.

काल आईला सगळं सांगितलं. ती जेवली नाय. बोलली, तिच्या नावावर खोटं केलंत, आता तिलाच मध्ये घालू नका. म्हून सांगतो, माझ्यासाठी तुमी खोटं मान्य करू नका. पण आदी माझं मला नीट करू द्या. मी वरचे सगळे पैशे भरायला तयार हाय. मला कायमचं लेटर मिळायचं हाय. सरकारनं पकडलं असं व्हण्याआदी मीच जाऊन सायबांना सांगीन.

आदेश


रोहा
२६ जुलै २०२५

दादा,

पायांवर डोकं ठेवून पत्र सुरू करायची माझी सवय आहे. आज ती मोडते.

निमिषने मला लिहिलं की सही त्याने केली आणि तुला यातलं काही ठाऊक नाही. मी त्याला चोर म्हटलं. आता कळलं की तू दुकानात पुढच्या खुर्चीत बसून, चहा पीत, नऊ जणांच्या पावत्यांवर माझी सही केलीस. तुझ्या मुलाने तुला वाचवायला माझ्याशी खोटं बोलून शिव्या खाल्ल्या. त्याच्यावरचा माझा राग काही उतरला नाही, पण त्यातला मोठा वाटा चुकीच्या पत्त्यावर गेला होता. तो आता बरोबर पत्त्यावर पाठवते.

लोक त्या दुकानात निमिषसाठी येत नाहीत. दादासर बसलेले दिसतात म्हणून येतात. शाळेत तुझ्या हातचा मार खाल्लेली मुलं तुझ्यासमोर पासवर्ड ठेवून जातात आणि तुझ्या सहीखाली अंगठा द्यायलाही तयार होतात. तू त्यांना काय दिलंस, तर खोट्या कागदावर चुकीच्या बाईचं नाव.

निमिष म्हणतो, मान्य करून टाक. मुलांसाठी मी त्याचाही विचार केला, खोटं कशाला बोलू. रात्रभर तळमळले. मग मला वाटलं, मान्य करायचंच तर खरं करून मान्य करावं. मी नऊही जणांचं भाडं मान्य करते. त्यावरचा कर माझ्या पेन्शनमधून भरते, तुझा एक पैसा नको. फक्त माझी एक अट आहे. जे घर मी भाड्याने दिलं असं तू लिहिलंस, ते माझ्या नावावर कर. शेतं नकोत, वाडी नको. तू तुझ्या हाताने नऊ जणांना लिहून दिलं आहेस की खांबच्या घराची मालकीण विमल आहे. मग तेवढं एकदा रजिस्ट्रारसमोर लिही.

मी वाट पाहते.

विमल


पेण
८ ऑगस्ट २०२५

चि. विमल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मन विषण्ण झालं. आपल्या घराण्यात भावाबहिणींनी कधी घराच्या वाटणीवरून शब्द काढला नाही, ही आपली पुण्याई होती. तू ती घालवायला निघालीस.

घराचा विषय मिटलेला आहे. तू राजीखुशीने हक्क सोडलास, त्याचा कागद आहे. घर पुढे नातवाच्या, सुश्रुतच्या नावे करायचं ठरलं आहे. हायवेलगत जागेला आता किंमत आली आहे, आणि अशा वेळी तुझ्यासारख्या एकट्या बाईला ते झेपणार कसं? पावतीवर तुझं नाव घातलं ते केवळ सोय म्हणून. माझ्या नावावर भाडं दाखवलं असतं तर माझी पेन्शन, शेतीचं उत्पन्न, मुलाचं दुकान, सगळं एकाच ठिकाणी दिसून लगेच नजरेत आलं असतं. तुझं उत्पन्न साधं, कुणी बघत नाही. कागदावर नाव आलं म्हणून कुणी घराचा मालक होत नसतो, एवढं तुला कळायला हवं.

सहीचं म्हणशील, तर तेवढ्यासाठी रोह्याला माणूस पाठवायची मला गरज वाटली नाही. तू कधी मला नाही म्हटलं आहेस? विचारलं असतं तरी तू सही केलीच असतीस. मी फक्त तुझे हेलपाटे वाचवले.

आता मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे. तू त्याच्याहून मोठी आहेस, मोठ्या मनाने मान्य कर. भाऊबीजेला येशील तेव्हा समक्ष बोलू. ओवाळणीत या वर्षी कमी पडणार नाही.

त्र्यंबक


पेण
३० ऑगस्ट २०२५

आत्या,

बाबांनी तुला लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला वाचायला दिलं होतं. देताना त्यांना वाटत होतं की फार समजूतदार लिहिलं आहे. मी ते वाचून परत दिलं. गणपती आले, घरात पाहुणे होते, रोज संध्याकाळी आरतीला बाबा सगळ्यांत पुढे उभे राहत होते, आणि मला ते पत्र आठवत होतं. तू कधी मला नाही म्हटलं आहेस, ही ओळ.

नऊही जणांच्या खात्यांवरून माझा नंबर काढला. त्यांचे टाकले. प्रत्येकाला घरी जाऊन सांगितलं की गेल्या वर्षीचं सुधारून भरा, या वर्षीचं खरं भरा, आणि मी घेतलेला वाटा परत घ्या. दोघांनी शिव्या दिल्या. त्यांच्यातल्या रघूने चहा दिला, त्याने जास्त वाईट वाटलं. मी त्यांचे रिटर्न सुधारून देतो म्हटलं, तर सगळे म्हणाले, आता तुझ्या हातून नको. आदेश त्यांना घेऊन रविवारी तुझ्याकडे येणार आहे. तुझ्या दोन खोल्यांत एवढे मावतील का ते तू बघ.

मी चूक केली, ते आता लपवत नाही. पण तुझ्यावरही मी चिडलो आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पत्र संपवणार नाही. बाबांना ही सवय एका दिवसात लागली नाही. हक्कसोडाच्या दिवशी तू एकदा नाही म्हणायला हवं होतंस. तू नाही म्हणाली नाहीस, आईही कधी म्हणाली नाही, आणि मीही म्हणालो नाही. त्या दिवशी दुकानात ते म्हणाले, आण इकडे, तेव्हा मी पावत्या त्यांच्याकडे सरकवल्या.

तुला जे दाबायचं ते दाब. मी परत विनवणार नाही.

निमिष


रोहा
११ सप्टेंबर २०२५

दादा,

मुलं दोन रविवार आली. आठ जण आले. नववा, हिरामण, रात्रपाळीला होता, तो सोमवारी एकटा आला. हौसाने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. माझ्या घरात बसायला जागा नव्हती, म्हणून दोघे जिन्यात बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, क्लास सुरू केलात का? मी हो म्हटलं.

तुझ्या मुलाने पोर्टलबद्दल जे लिहिलं त्यातलं पुष्कळ खरं निघालं, आणि त्याचा मला भयंकर संताप आला. दुपारभर ते गोल गोल फिरत बसलं. एक चूक सुधारायला आठ पानं, आणि प्रत्येक पानावर अशी भाषा की मराठीत वाचली तरी कळत नाही. मदतीच्या नंबरवरच्या मुलीने मलाच विचारलं, मॅडम, तुम्ही एजंटकडून का नाही करून घेत? मी फोन आपटला. सरकारने फुकट दार ठेवलं हे खरं, पण ते उघडायला माणूस ठेवला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत निमिषसारख्यांची दुकानं उभी राहतात. हे मी त्यांनाही लिहून कळवणार आहे. त्यांचंही उत्तर कागदावर मागणार आहे.

पण मुलांनी भरलं. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने. मी कुणाच्याही फोनला हात लावला नाही, फक्त वाचून दाखवलं. जास्तीचा कर आणि त्यावरचा भुर्दंड भरताना कुणी हसलं नाही. आदेश दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराच्या साहेबाकडे गेला आणि पावत्या खोट्या होत्या असं तोंडाने सांगून आला. साहेब म्हणाले, बघू. त्याला कायम करतील की नाही, माहीत नाही. त्याची झोप गेली आहे, आणि त्याबद्दल तू आणि निमिष दोघेही त्याचे देणेकरी आहात, घर विकलंत तरी ते फिटणार नाही.

नऊ जणांचं झाल्यावर काल मी माझं पान उघडलं.

निमिष म्हणतो, मी हक्कसोडाच्या दिवशीच नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या पत्राचा मला फार राग आला, कारण तो पोरगा असून त्याने ते बोलून दाखवलं. दोन दिवस मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडले. मग कचेरीतला तो दिवस आठवायला बसले. तू बोट ठेवलंस. कारकुनाने शिक्का पुढे ओढला. वकील म्हणाले, ताई, इथे. बाहेर रिक्षा थांबली होती. मला हे मान्य आहे का, असं तिथे कुणी विचारलं नाही. तू नाही, वकिलाने नाही, कारकुनाने नाही. कुणी विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं ते मलाच माहीत नव्हतं. कालपर्यंत माहीत नव्हतं.

त्या पोर्टलला माझ्याबद्दल काही प्रेम नाही. त्याला कर हवा आहे, बाकी काही नको. पण त्याने मला प्रत्येक नावासमोर थांबवून विचारलं, ही माहिती तुम्हाला मान्य आहे का? नऊ वेळा विचारलं. नऊ वेळा मी नाही म्हटलं. पहिल्या वेळी बोट उचलायला इतका वेळ लागला की पोर्टलने मला पुन्हा बाहेर काढलं. मी पुन्हा आत गेले. नवव्या वेळेपर्यंत बोट सरळ जायला लागलं होतं.

पावत्यांवरचं घर तुझ्या नावावर आहे, तेव्हा आता तुझ्याकडे विचारणा होईल. उत्तर तू तुझ्या नावाने दे, तुझ्या सहीने. भाऊबीजेला मी येणार नाही आणि ओवाळणी पाठवू नकोस.

दहावा प्रश्न त्या पानावर नव्हता, दादा. खांबच्या घराबद्दलचा. तो असता तर त्याचंही उत्तर मी तिथल्या तिथे दिलं असतं. आता तो मला कुठे जाऊन विचारून घ्यायचा, ते मी बघते आहे.

विमल